मागच्या दाराची चावी

विषय निघाला विम्यावरून. दिगूच्या काजू फॅक्टरीत परवा विम्याचा माणूस पाहणीला आला होता. त्यानं बॉयलर बघितला, वायरिंग बघितलं, आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख वाचली आणि जाता जाता म्हणाला, "मागचं दार जरा उघडून दाखवा." ते काही दिगूला उघडता आलं नाही.

"दार उघडं ठेवलं तर संध्याकाळपर्यंत अर्धा गर मागच्या मागे पसार होईल," वेंगुर्ल्याच्या बंदरावरच्या आमच्या कट्ट्यावर येऊन दिगू तावातावानं सांगत होता. "17 बायका सोलायला बसतात. मी एकटा कोणाकोणाच्या पदराकडे बघत बसू?"

"मेल्या, किती काजू खातले त्या बायका?" बाळूकाका म्हणाले. काका मुंबईला गिरणीत होते. 1982 च्या संपात नोकरी गेली, तेव्हापासून इथेच.

शिमगा होऊन आठवडा झालेला, उकाडा मरणाचा, समुद्र असून झुळूक नाही. अशा वेळी कट्ट्यावर वाद लवकर पेटतो. त्यात शिल्पा आली. ती ओरोसच्या कोर्टात वकिली करते. दिगूच्या चुलत्याचं वकीलपत्र तिच्याकडे आहे, तरी कट्ट्यावर दोघं एकाच ताटलीतली भजी खातात. तिनं स्कूटर लावली, मुद्दा ऐकला आणि दिगूला विचारलं, "वर्षाला किती गर चोरीला जातो? अंदाजे सांग."

दिगूला आकडा सांगता येईना. "जातो की. आता मोजून कोण ठेवतं?"

"न्यूयॉर्कच्या त्या मालकालाही कोर्टात हेच विचारलं होतं," शिल्पा म्हणाली आणि ट्रँगल शर्टवेस्टची गोष्ट सुरू झाली.

दहा मजली इमारत, वरच्या तीन मजल्यांवर बायकांचे ब्लाउज शिवायचा कारखाना. 25 मार्च 1911, शनिवार, पगाराचा दिवस, सुटायला काही मिनिटं राहिलेली. आठव्या मजल्यावर चिंध्यांच्या पेटीत आग लागली. तिथून दहाव्या मजल्यावर फोन गेला. मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस तिथे होते, ते गच्चीवरून शेजारच्या इमारतीत गेले आणि वाचले. नवव्या मजल्याला कोणी कळवलंच नाही. तिथल्या मुलींना आग दिसली तेव्हा ती खिडकीपर्यंत आलेली. दोन जिने होते. एकाच्या तोंडाशी आग, दुसऱ्याच्या दाराला कुलूप. बाहेरचा लोखंडी जिना वजनानं कोसळला. बंबाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचली. 146 जणांचा जीव गेला, त्यातल्या 123 बायका आणि मुली. बहुतेक इटलीतून आलेल्या नाहीतर ज्यू, नुकत्या बोटीतून उतरलेल्या घरांतल्या.

"आणि कुलूप कशाला?" शिल्पानं दिगूकडे बघितलं. "घरी जाताना सगळ्यांनी एकाच दारानं जावं, म्हणजे पिशव्या तपासता येतात. खटल्यात वकिलानं हॅरिसला विचारलं, बाबा रे, चोरी किती व्हायची? शेवटी त्यानं कबूल केलं, 25 डॉलरच्या वर नाही."

कट्ट्यावर क्षणभर कोणी बोललं नाही. मग दिगू म्हणाला, "त्या काळी कायदा नसेल. आता आहे. आग लागली, माणसं मेली, कायदे आले. मी शाळेत असतानाच भोपाळ झालं, मग 1987 साली कारखाना कायदा बदलला. असंच असतं ते."

मला वाटतं बहुतेकांचा समज हाच असतो. माझाही होता. शिल्पानं तो तिथेच मोडला.

"कायदा होता रे. न्यूयॉर्कच्या मजूर कायद्यात लिहिलेलं होतं की कामाच्या वेळात कारखान्याच्या दारांना कुलूप किंवा कडी लावायची नाही, आणि जमेल तिथे दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत. त्याच्यावरच तर खटला उभा राहिला. आणि मालक सुटले, डिसेंबर 1911 मध्ये. त्या घटकेला दाराला कुलूप आहे हे मालकांना माहीत होतं, असं ज्युरींच्या गळी उतरलं नाही."

"मालकाला माहीत नाही?" मन्सूरभाई हसले. ते वायरिंगची कामं घेतात, अर्ध्या तालुक्याचे मीटर त्यांच्या हाताखालून गेलेत. "मग चावी कोणाकडे होती, माझ्याकडे?"

"पुढचं ऐका. 1914 साली दिवाणी दाव्यात एका जिवामागे 75 डॉलर भरपाई ठरली. विम्याचे मात्र नुकसानीपेक्षा जवळपास 60,000 डॉलर जास्त मिळाले होते. आणि मधे 1913 मध्ये ब्लँकच्या कारखान्यात परत दाराला कुलूप सापडलं. दंड 20 डॉलर."

"घ्या," बाळूकाकांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे कुलूप चोरीपेक्षा स्वस्त पडला."

दिगू आता चिडला. "हे शंभर वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं मला कशाला ऐकवता?"

याला उत्तर मन्सूरभाईंनी दिलं. ढाक्याजवळच्या ताझरीन फॅशन्स या कपड्यांच्या कारखान्यात 24 नोव्हेंबर 2012 ला आग लागली, भोंगा वाजला, आणि वरच्यांनी गेट ओढून घेत कामगारांना परत मशीनवर बसायला सांगितलं. शंभराच्या वर माणसं गेली. पाच महिन्यांनी तिथेच जवळ राना प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, 1,100 हून जास्त गेले. "तेव्हा कुठे परदेशी कंपन्यांनी करार केला, स्वतंत्र इंजिनिअर आत जाऊन दारं, जिने, खांब तपासू लागले. दिगू, बांगलादेश काही शंभर वर्षांपूर्वी नव्हता."

इथे माझं एक मत सांगून टाकतो. ट्रँगलची गोष्ट सांगताना लोक आगीपाशी थांबतात, आणि मग एकदम 'त्यातून कायदे झाले' म्हणून हात झटकतात. मला मधला भाग जास्त मोलाचा वाटतो. आगीच्या आधी, 1909 साली याच कारखान्याच्या मुली संपावर होत्या. शिलाई कामगारांचा तो संप 20,000 जणींचा म्हणून ओळखला जातो, पण ट्रँगलच्या मालकांनी युनियन मानली नाही. आणि आगीनंतर राज्यानं जो चौकशी आयोग नेमला, त्याचे प्रमुख रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ कागद मागवून गप्प बसले नाहीत. फ्रान्सिस पर्किन्स नावाच्या बाईंनी आग रस्त्यावरून स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. त्यांनी या पुढाऱ्यांना कारखान्यांतून फिरवलं. एका ठिकाणी भिंतीतल्या भोकाला 'सुटकेची वाट' म्हणत होते. बाईंनी वॅग्नरना त्या भोकातून सरपटत पलीकडच्या बर्फाळ शिडीवर जायला लावलं. पुढे तीसच्या वर कायदे झाले: दारं, फवारे, आगीचा सराव, कामाचे तास. बाई 1933 साली अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या. पण सगळं सुरू झालं ते त्या सरपटण्यापासून, असं मला वाटतं.

हे मी बोललो तर दिगू म्हणाला, "मला नाही कोणी सरपटायला लावत. शिल्पा, तूच सांग, 20 च्या आत माणसं असली की कारखानाच नाही ना?"

शिल्पानं कबूल केलं. विजेवर चालणाऱ्या जागी आधी 10 माणसांवर कारखाना धरायचे, महाराष्ट्रानं ती अट 20 वर नेली, आणि कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेतही 20 च आहे. "पण 10 किंवा जास्त माणसं असली की आस्थापना म्हणून संहिता लागते. तू सुटलास असं समजू नको."

"आणि चोरीचं काय?"

"आमच्या मिलात गेटीर झडती घेयत," काका म्हणाले. "हजारो माणसां सुटत, पण खात्याचा दार बंद करून कोण बसत नाय. कापसाक आग कधी लागात सांगता येयत नाय."

"झडती?" शिल्पा उसळली. "बायकांच्या अंगाला हात लावणार हा? त्यापेक्षा वजन करून दे ना. सकाळी बी मोजून द्यायची, संध्याकाळी गर आणि तुकडा मोजून घ्यायचा."

यावर अर्धा तास गेला. वजनात ओल किती धरायची, तुकडा कोणाच्या माथी मारायचा, उक्तं काम बरं की रोजावर. तो भाग सोडून देतो, कारण तो संपलाच नाही.

शेवटी मन्सूरभाई उठले. "भजी संपली. चला, बघून येऊ."

आम्ही तिघं दोन स्कूटरवरून आणि बाळूकाका दिगूसोबत त्याच्या टेम्पोतून असे फॅक्टरीत पोचलो. मागचं दार दिसतच नव्हतं. त्याला टेकून काजूच्या टरफलांची पोती रचलेली होती, बॉयलरला जाळायची. टरफलात तेल असतं, ठिणगी पडली की विझता विझत नाही, हे वेंगुर्ल्याच्या पोरालाही ठाऊक असतं. दिगूलाही होतंच. तो काही न बोलता पोती उचलायला लागला. 14 पोती निघाली.

मग कुलूप. गंजून कडीला चिकटलेलं.

"चावी खय आसा?" काकांनी विचारलं.

"आईकडे. ती सावंतवाडीला मावशीकडे गेलीय."

मन्सूरभाईंनी पहारीनं कुलूप तोडलं. दार आतल्या बाजूला कण्हत हातभर उघडलं आणि अडकलं. "बिजागऱ्या फिरवायला हव्यात," ते म्हणाले, "बाहेर उघडायला पाहिजे." फटीतून टॉर्च मारला तर दीड फुटावर चिऱ्याचा गडगा.

"हा गडगा कोणाचा?"

दिगू शिल्पाकडे बघायला लागला. शिल्पा गडग्याकडे.

"चुलत्याचा," ती म्हणाली. "नऊ वर्षं दावा चालू आहे. पुढची तारीख जूनमध्ये."