तेराव्या वर्षी सुवर्ण, सोळाव्या वर्षी घरी?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठ दिवस एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यात एक सख्खा दीर. कारण उघड आहे. माझी भाची कोथरूडच्या गल्ल्यांतून स्केटबोर्ड घेऊन हिंडते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मजकूर थोडक्यात असा: 'टोकियो ऑलिंपिकमध्ये मुलींच्या स्ट्रीट स्केटबोर्डिंगचं सुवर्ण १३ वर्षांच्या पोरीला मिळालं. म्हणजे सोळाव्या वर्षी करिअर खलास. बायकांना यात पैसा नाही, शिक्षणाचे तीनतेरा वाजतात आणि आपल्याकडे तर हे होणंच नाही. पालकांनो, सावध व्हा!' खाली हात जोडलेले तीन इमोजी. (स्ट्रीट म्हणजे शहरातल्यासारख्या पायऱ्या आणि रेलिंगवर बोर्डच्या कसरती.)

पहिलं वाक्य खरं आहे, आणि गोची तिथेच आहे. २६ जुलै २०२१ ला जपानची मोमिजी निशिया जिंकली तेव्हा ती १३ वर्षांचीच होती. रौप्य मिळवणारी ब्राझीलची रायसा लेआल तिच्याहून काही महिन्यांनी लहान, कांस्यवाली फुना नाकायामा १६ ची. पण मेसेज लिहिणारा पहिल्याच पदकावर थांबला. चौथ्या क्रमांकावर अमेरिकेची अलेक्सिस सॅब्लोन होती, वय ३४. त्याच पायऱ्या, तेच रेलिंग, तीच फायनल.

शिक्षणाच्या तीनतेरांचं उत्तरही हीच बाई देते. बर्नार्ड कॉलेजात आर्किटेक्चर, मग एमआयटीतून त्याच विषयात मास्टर्स, २०१६ साली. एक्स गेम्स या अमेरिकेतल्या साहसी खेळांच्या स्पर्धेतली तिची सुवर्णपदकं २०१०, २०१२ आणि २०१५ ची, म्हणजे शेवटचं एमआयटीत शिकत असताना. स्वीडनमधल्या माल्मो शहरात तिने डिझाइन केलेलं एक शिल्प भर चौकात उभं आहे, त्यावर स्केटिंग करता येतं. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी ती अमेरिकेच्या महिला स्ट्रीट संघाची कोच होती. आमच्या ग्रुपवर बारावीनंतर मुलाची क्रिकेटची बॅट माळ्यावर टाकणारे निदान चार पालक मला माहीत आहेत. त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

'सोळाव्या वर्षी खलास' यात एक अर्धसत्य मात्र आहे, ते मान्य करते. पॅरिसला, २०२४ मध्ये, सुवर्ण १४ वर्षांच्या कोको योशिझावाला आणि रौप्य १५ वर्षांच्या लिझ अकामाला मिळालं. खुद्द निशियाला जपानच्या तीन जणींत जागाच मिळाली नाही. पदकं कोवळ्या वयाकडे सरकली आहेत, यात वाद नाही. ४५ सेकंदांचे दोन रन, म्हणजे सलग फेऱ्या, मग सुट्या पाच ट्रिक, म्हणजे एकेकटी कसरत, त्यातला एक रन आणि दोन ट्रिक धरायच्या, अशा रचनेत हलकं शरीर आणि पडायची भीती नसणं कामाला येतं, असं आपलं माझं मत. पण पदकाचं वय म्हणजे करिअरचं वय नव्हे.

स्ट्रीट स्केटिंगमध्ये 'प्रो' होणं म्हणजे कंपनीने तुमच्या नावाचा बोर्ड बाजारात आणणं. तो विकला गेला की तुम्हाला वाटा मिळतो. मग बूट, चाकं, कपडे यांचे स्पॉन्सर. हे सगळं स्पर्धेपेक्षा शहरातल्या खऱ्या पायऱ्यांवर शूट केलेल्या व्हिडिओंवर ठरतं. फ्लोरिडाची एलिसा स्टीमर १९९८ मध्ये अशी प्रो झाली. एक्स गेम्सचं सुवर्ण तिने चारदा जिंकलं, शेवटचं २००८ मध्ये, म्हणजे तेहतिसाव्या वर्षी. मधे काही वर्षं तिने स्केटिंग सोडलं, पुन्हा आली, आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावरही तिच्या नावाचे बोर्ड निघतात.

पैशाबद्दल मेसेज निम्मा बरोबर, फक्त जुना. एक्स गेम्समध्ये एकेकाळी विजेत्या पुरुषाला ५० हजार डॉलर मिळायचे आणि बाईला २ हजार. उभ्या रॅम्पवर खेळणाऱ्या कारा-बेथ बर्नसाइड आणि मिमी नूप यांनी २००५ मध्ये संघटना काढून आयोजकांशी भांडण मांडलं, आणि काही वर्षांतच बक्षिसं सारखी झाली. स्पॉन्सरचा पैसा बेभरवशाचा आहे, हे खरंच. आयटीतलाही आहे, पण ते ग्रुपवर कोणी लिहीत नाही.

राहिलं 'आपल्याकडे होणंच नाही'. गुजरातला २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मुलींच्या स्ट्रीट प्रकाराचं सुवर्ण श्रद्धा गायकवाडने जिंकलं. गाव: पुणे. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी दोघं याच शहरातली.

हाडं मोडतात हे मेसेजमध्ये नव्हतं, मीच सांगते. मनगट आणि घोटा, दोन्ही जातात. भाचीचं मनगट मागच्या पावसाळ्याआधी गेलं होतं. आणि आपले फुटपाथ! स्ट्रीटची चाकं जेमतेम ५२-५४ मिलिमीटरची, टणक. पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकली की बोर्ड जागच्या जागी, पोरगी पुढे. दिराने हा मुद्दा काढला असता तर मी हे काहीच लिहिलं नसतं.