'आधी प्लॉट पाडा, बाकीचं नंतर बघू' या मेसेजला उत्तर

सध्या कोल्हापूरच्या उपनगरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाचगाव, मोरेवाडी, कळंबा या बाजूला नवी वसाहत करताना शाश्वत पायाभूत सुविधांचं नियोजन मागणं हे पुण्या-मुंबईचं खूळ आहे. ही गावं उंचावर, तिथं पूर येत नाही. पावसाच्या पाण्याला शोषखड्डे पुरतात. प्यायला काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन आली. सांडपाण्याला सेप्टिक टँक आणि ओढा आहे. नियोजनाच्या नादात गुंठ्याचा दर वाढतो आणि साध्या माणसाचं घर राहून जातं. म्हणून आधी प्लॉट पाडा, रस्ते करा; शहराची हद्दवाढ होऊन गावं महापालिकेत गेली की उरलेलं महापालिका बघेल.

घराची तळमळ खरी आहे आणि तिच्याबद्दल माझं काहीच भांडण नाही. पण या मेसेजप्रमाणे वागलं तर सगळ्यात जास्त फटका त्या साध्या माणसालाच बसतो, म्हणून उत्तर देतोय.

'उंचावर पूर येत नाही.' पंचगंगेचं पाणी पाचगावच्या माळावर चढणार नाही, हे बरोबर. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तरी माळ कोरडाच होता. पण माळावर पडलेलं पाणी माळावर राहत नाही. ते ओढ्यांनी उतरून जयंती नाल्याला मिळतं आणि शहराच्या मधून पंचगंगेकडं जातं. पंचगंगा आधीच भरलेली असली की जयंतीला पुढं वाट नसते, पाणी मागं फुगतं. सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर इथल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. वर जेवढं डांबर आणि काँक्रीट वाढेल, तेवढं खाली पाणी लवकर आणि एकदम येणार.

हिशोब साधा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 10 एकरांच्या लेआउटवर 50 मिलिमीटर पाऊस झाला तर 20 लाख लिटर पाणी पडतं. रान होतं तेव्हा बांध, सऱ्या आणि नांगरट त्यातलं बरंचसं धरून ठेवायचे, उरलेलं सावकाश सोडायचे. छत, फरशी आणि रस्ता काहीच धरत नाहीत.

आता ओढ्याकडं या, कारण सगळी गोम तिथं आहे. कुठल्याही गावाचा जुना गावनकाशा उघडून बघा. ओढे, ओघळी, पाणंदी सगळं त्यात दाखवलेलं असतं. तीच जमीन प्लॉटिंगच्या रंगीत माहितीपत्रकात बघितली तर ओढ्याच्या जागी 'इंटर्नल रोड' असतो आणि रस्त्याखाली 600 मिलिमीटरचा सिमेंट पाईप. उन्हाळ्यात तिथं उभं राहिलं तर पाईप भलामोठा वाटतो. पण समजा, वरचं 100 एकर रान त्या ओढ्याला उतरतंय, तासाला 50 मिलिमीटरचा वळीव आलाय आणि त्यातलं 60 टक्के पाणी वाहून निघालंय. मग सेकंदाला 3,300 लिटरच्या वर पाणी त्या तोंडाशी येतं. शंभराला एक असा चांगला उतार धरला तरी हा पाईप काठोकाठ भरून सेकंदाला जेमतेम 600 लिटर नेतो. त्यातही तोंडाशी प्लास्टिक आणि उसाचा पाला अडकलेला असतो. उरलेलं पाणी रस्त्यावरून, कंपाउंड फोडून, सगळ्यात सखल प्लॉटच्या पार्किंगमध्ये शिरतं. सखल प्लॉट स्वस्त असतो, म्हणजे तिथं कोण राहायला येतं ते सांगायला नको.

ओढा उघडा ठेवला, त्याची मूळ रुंदी राखली, दोन्ही काठांना झाडांचा पट्टा सोडला, तर हे टळतं. याला यंत्र लागत नाही आणि वीजही लागत नाही. लागते ती फक्त जागा, आणि ती प्लॉट पाडायच्या आधीच मिळते.

'शोषखड्डे मारले की विषय संपला.' आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. कुठं हातभर मुरूम, कुठं थेट खडक, नदीकडं काळी माती. काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्या भेगा मिटतात. जुलैमध्ये तिथला शोषखड्डा नुसता भरून उभा राहतो. म्हणून शोषखड्ड्याची जागा ठरवायच्या आधी खड्डा खणून, पाणी भरून, ते किती वेळात किती उतरतं हे मोजायचं असतं. ही चाचणी जेमतेम एका दिवसाची. जिथं पाणी मुरत नाही तिथं साठवायचं. 1,000 चौरस फुटांच्या छतावर वर्षाला 1,000 मिलिमीटर पाऊस धरला तर 90 हजार लिटरच्या वर पाणी पडतं. 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर पाऊसपाणी संकलन राज्याच्या नियमावलीनं बंधनकारकच केलंय. लहान प्लॉटवाल्यांनी मिळून एक सामाईक टाकी केली तर कुणाची ना नाही.

'थेट पाईपलाईन आली, आता पाण्याची काय काळजी?' काळम्मावाडीचं पाणी 2023 च्या दिवाळीत शहरात आलं, त्यासाठी कोल्हापूरकरांनी किती वर्षं आंदोलनं केली हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती योजना शहरासाठी आहे. हद्दीबाहेरच्या लेआउटला तिचं पाणी आपोआप मिळत नाही. शिवाय धरणातून पाणी पंपानं उचलावं लागतं, म्हणजे वीज गेली की पाणी गेलं. 2019 आणि 2021 च्या महापुरात बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि सगळीकडं पाणी असताना शहर टँकरच्या रांगेत उभं होतं. नव्या वसाहतीला पाण्याचे दोन मार्ग हवेत, आणि त्यातला एक तिच्या स्वतःच्या छतावरचा असावा.

'सांडपाणी ओढ्याला सोडायचं.' हा मुद्दा वाचून मला राग आला. दरडोई रोज 135 लिटर पाणी हे शहरी मोजमाप. त्यातलं सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. 1,000 माणसांची वसाहत म्हणजे दिवसाला एक लाख लिटरच्या वर, म्हणजे 10 हजार लिटरचे दहा टँकर, रोज, बारा महिने. हे ओढ्यातून जयंतीत आणि जयंतीतून पंचगंगेत जाणार. पंचगंगा खाली इचलकरंजीच्या कडेनं जाते. 2012 ला तिथं काविळीच्या साथीनं माणसं गेली, ती दूषित पाण्यानंच. आपलं सांडपाणी कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर सोडायचं आणि त्याला स्वस्त घर म्हणायचं, हे मला मान्य नाही. वसाहतीच्या सखल कोपऱ्यात छोटं प्रक्रिया केंद्र बसतं. शुद्ध केलेलं पाणी बागेला, फ्लशला, शेजारच्या उसाला देता येतं. फक्त सगळ्या गल्ल्यांचा उतार त्या कोपऱ्याकडं हवा, आणि उतार रस्ते झाल्यावर बदलता येत नाही.

'हे पुण्या-मुंबईचं खूळ.' एकोणिसाव्या शतकात कळंबा तलावाचं पाणी विजेशिवाय, नुसत्या उतारानं मंगळवार पेठेतल्या पाण्याच्या खजिन्यापर्यंत आणलं गेलं. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली ती व्यापारपेठ म्हणून, आखून. जयसिंगपूरचे काटकोनातले रुंद रस्ते आजही बघायला मिळतात. आखून वस्ती करणं इथलंच आहे.

'गुंठ्याचा दर वाढतो.' थोडा वाढतो, प्रक्रिया केंद्राचा आणि टाकीचा खर्च आहेच. पण बऱ्याच गोष्टींना जास्तीचा पैसा लागतच नाही. 0.4 हेक्टर आणि त्यावरच्या लेआउटमध्ये 10 टक्के खुली जागा सोडावीच लागते. ती आज कुठं सोडतात? विकला न जाणारा त्रिकोणी तुकडा, नाहीतर एखादा कोपरा. तीच जागा ओढ्याच्या कडेला, सखल भागात ठेवली तर पावसाळ्यात तिथं पाणी थांबेल आणि उरलेले महिने पोरं खेळतील. रस्ते उताराला आडवे, समपातळी रेषांना (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) धरून नेले तर खोदाई कमी होते. हे पैशाचं काम नाही, मोजणी आधी करण्याचं काम आहे. उलट रस्ता उकरून नंतर ड्रेनेज टाकायचं म्हटलं की डांबराचा खर्च दुसऱ्यांदा येतो, आणि तेव्हा डेव्हलपर प्लॉट विकून मोकळा झालेला असतो.

रुंद रस्ता म्हणजे विकास, असंही मेसेजच्या शेवटी आहे. बस येईल, अग्निशमनचा बंब वळेल, फुटपाथ आणि झाडं बसतील एवढा रस्ता हवाच. त्यापुढचं काँक्रीट नुसतं तापतं.

राहिली हद्दवाढ. कोल्हापूरची नगरपालिका 1972 मध्ये महापालिका झाली, त्यानंतर हद्द वाढलेली नाही. 2017 मध्ये आजूबाजूच्या 42 गावांच्या नियोजनासाठी प्राधिकरण आलं. उद्या हद्दवाढ झाली तरी महापालिकेला ओढ्यावर बांधलेलं घर हलवता येणार नाही. तोवर माणसं तिथं राहतायत, पाणी तुंबतंय. तेव्हा प्लॉट घेणाऱ्यानं बुकिंगची रक्कम देण्याआधी तीन कागद मागावेत: समपातळी रेषांचा नकाशा, पाणी मुरण्याच्या चाचणीचा अहवाल आणि सांडपाणी शेवटी कुठं जाणार हे दाखवणारा आराखडा. ग्रामपंचायतीनं ना हरकत दाखला देण्याआधी हेच तीन कागद मागावेत आणि गावनकाशातला ओढा लेआउटमध्ये त्याच रुंदीचा आहे का, हे जागेवर जाऊन टेपनं मोजावं.