भाव पडलेत, पण सांगायचं नाही

घर घ्यायचं ठरवलंत ना? मग पहिलं पथ्य हे, की बाजार बसलाय असं कुणाच्या तोंडावर म्हणायचं नाही. चिपळुणात एखाद्याला 'तुमच्या फ्लॅटचा भाव उतरलाय' म्हणणं म्हणजे त्याच्या हापूसच्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघाला असं भर बाजारात ओरडण्यासारखं आहे. आमच्याकडे भाव पडत नाहीत. ते 'जरा थांबलेत', ते 'दिवाळीनंतर उठतील', आणि हायवे झाला की तर डबलच! मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हा बालवाडीत बसलेली पोरं बारावी होऊन पुण्याला गेली, भाव अजून हायवेची वाट बघतोय. बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल तर २०२३ च्या ऑक्टोबरात बांधता बांधताच खाली आला. पूल पडतो, भाव पडत नाही.

मागणी किती आहे हे बघायचं असेल तर रात्री जेवून शतपावलीला निघा आणि समोरच्या बिल्डिंगीतले दिवे मोजा. माझ्या समोर चोवीस फ्लॅट आहेत, कागदोपत्री सगळे विकलेले. काल रात्री नऊला सात खिडक्यांत उजेड होता, त्यातली एक वॉचमनची. बाकीचे मालक ठाणे, डोंबिवली, विरार. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत २००१ पेक्षा २०११ च्या जनगणनेत माणसं कमी भरली. रत्नागिरीत जवळपास सतरा लाखांची सोळा लाख पंधरा हजार झाली. माणसं कमी झाली म्हणून आपण बिल्डिंगी वाढवल्या, म्हणजे उरलेल्यांना ऐसपैस राहता येईल. अशी दूरदृष्टी दुसऱ्या कुठल्या धंद्यात दिसणार नाही.

आता फ्लॅट बघायला जाण्याविषयी. डिसेंबरात जा. आकाश निळं असतं, रंग ताजा असतो, एजंट खिडकी उघडतो आणि म्हणतो, 'सर, वारा बघा.' तोच वारा जुलैत झड घेऊन कुठल्या भिंतीतून आत येतो ते जुलैत कळेलच, आताच रसभंग कशाला? गच्चीवर जायचा हट्ट धरू नका. तीन वर्षांच्या बिल्डिंगीवर पत्र्याची शेड का घातली, असा प्रश्न तिथे पडतो आणि मग झोप लागत नाही.

तळमजल्याचा फ्लॅट मात्र जरूर बघा, स्वस्त असतो. मी बघितला. हॉलच्या चारही भिंतींना सहा फुटांपर्यंत चकचकीत टाइल्स, त्याच्यावर रंग.

'लक्झरी फिनिश,' एजंट म्हणाला.

हॉलला न्हाणीघरासारख्या टाइल्स कशाला, हे मला आधी कळेना. मग बेडरूमच्या दारामागे टाइल्स संपल्या होत्या तिथे भिंतीवर एक मातकट रेघ दिसली. साधारण माझ्या हनुवटीपर्यंत, सरळ, जणू गवंड्याने दोरी लावून मारलेली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराने मारली होती.

मी रेघेकडे बघतोय हे बघून एजंट म्हणाला, 'सर, हिशोब करा ना. २००५ ला आला, मग थेट २०२१. सोळा वर्षांचा गॅप आहे. म्हणजे आता २०३७.'

'माझं कर्ज वीस वर्षांचं असेल.'

'तोवर तुम्ही विकून वर जाल की!'

वर म्हणजे वरच्या मजल्यावर, असं मी धरून चाललो.

बिल्डरकडून नवा घेणार असाल तर फार कायदा उगाळू नका. करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे २०१६ च्या रेरा कायद्यात आहे. पण आपला माणूस आहे, चहा पाजलाय, त्याला कलम दाखवणं बरं दिसतं का? महारेराचा नोंदणी नंबर विचारलात तर उत्तर येईल, 'छोटा प्रोजेक्ट आहे, लागत नाही.' बरोबरच आहे. जागा पाचशे चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठांवर नसतील तर नोंदणी लागत नाही. म्हणून आमच्याकडे आठ-आठ फ्लॅटच्या तीन बिल्डिंगी एकाच गेटच्या आत, एकाच बोअरच्या पाण्यावर, मध्ये एक तुळशीवृंदावन ठेवून उभ्या राहतात. विचारलंत तर तिन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. भावकीसारखं.

घासाघीस मात्र करा. इथेच खरी गंमत आहे. समजा मालक पस्तीस लाखांवर अडून बसलाय, सहा महिने त्याच्या ओटीवर कोकम सरबत पिऊन तुम्ही त्याला अठ्ठावीसवर आणलंत. सात लाख वाचले! आता दुय्यम निबंधकांकडे जा. तिथल्या रेडी रेकनरला, म्हणजे सरकारी दरपत्रकाला, बाजार बसल्याची बातमी पोचलेली नसते. त्यात तुमच्या फ्लॅटची किंमत बत्तीस लाख असेल, तर मुद्रांक शुल्क बत्तीसवर. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांवर जात नाही. तेवढे दोन हजार तुमचे वाचले, घरी जाताना पेढे घ्या. पेढे खाऊन झाले की आयकराचा सल्लागार फोन करेल. सरकारी किंमत आणि तुमची किंमत यांतला फरक दहा टक्क्यांच्या वर गेला की तो अख्खा फरक तुमचं उत्पन्न धरतात. म्हणजे अठ्ठावीस आणि बत्तीसमधले चार लाख तुम्ही वाचवले नाहीत, कमावलेत. त्यावर कर भरा. विकणाऱ्यालाही सोडत नाहीत, त्याचा नफा मोजताना विक्री बत्तीसला झाली असंच धरतात. तुम्ही दोघांनी नंतर एकत्र बसून पुन्हा सरबत प्यावं.

बँकेचा व्हॅल्युअर तेवढा वेगळा माणूस. अख्ख्या तालुक्यात भाव पडल्याचं फक्त त्याला ठाऊक असतं, आणि तो ते फक्त बँकेच्या कानात सांगतो: सत्तावीस. कर्ज त्याच्या आकड्यावर, मुद्रांक सरकारच्या आकड्यावर, आणि पैसे मालकाच्या आकड्यावर. मधला खड्डा बायकोच्या दागिन्यांनी भरायचा असतो.

हे सगळं नको असेल तर माझ्यासारखे भाड्याने राहा. भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात, असं तुम्हाला चार जण सांगतील; ते चारही तळमजल्याचे मालक असतील. साडेआठ टक्क्यांनी चोवीस लाख घेतले तर वीस वर्षं महिन्याला जवळपास एकवीस हजार हप्ता. तसल्याच फ्लॅटला मी सात हजार भाडं देतो. लोक मला बिचारा समजतात, मीही समजू देतो.

मात्र करार नीट वाचू नका. अकरा महिन्यांचा असतो आणि दर अकरा महिन्यांनी दहा टक्के वाढ त्यात छापलेलीच असते, समोर एवढ्या बंद खिडक्या असल्या तरी. 'काका, आजूबाजूला भाडी उतरलीत' असं मी एकदा घरमालकांना म्हणालो. काकांनी फोनवर थोडा वेळ श्वास घेतला. मग म्हणाले, 'तुम्ही घरातले आहात, तुम्हाला काय भाड्याचं!' करार नोंदवूया म्हटलं तर हजार रुपये कशाला घालवायचे, म्हणाले. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. हे मी काकांना सांगितलेलं नाही. हजार रुपयांची बचत हा त्यांचा आनंद आहे, मी कोण हिरावून घेणारा?

विकणाऱ्यांनाही एक सल्ला देऊन ठेवतो, तेही आपलेच आहेत. २०१४ ला घेतलेल्या किमतीच्या खाली येऊ नका. फ्लॅट बंद ठेवा. लाकडाला वाळवी लागू द्या, गाद्यांना बुरशी येऊ द्या, सोसायटीचा मेंटेनन्स थकू द्या, पण शब्द खाली पडू देऊ नका. कुणी गिऱ्हाईक आलंच तर सांगा, 'आत्ताच एक पार्टी येऊन गेली.' ती पार्टी मीच होतो. मी तीन फ्लॅट बघितले आणि तिन्ही ठिकाणी माझ्या आधी एक पार्टी येऊन गेली होती. चौकशी केल्यावर कळलं की तिथेही पूर्वी मीच गेलो होतो.

आमच्या काकांनी माझ्या फ्लॅटमधली एक खोली स्वतःसाठी कुलूप लावून ठेवली आहे. आत गणपतीचं मखर, दोन ट्रंका आणि एक पंखा आहे. परवा फोन आला.

'यंदा आम्ही नऊ जण येतोय. पाच दिवसांचा प्रश्न आहे. तुम्ही गावच्या घरी जाणारच असाल ना?'

जाणारच. गुहागर तालुक्यात आमचं चिऱ्याचं घर आहे, पुढे पडवी, मागे माड, सातबाऱ्यावर सदतीस नावं. विकायचं म्हटलं तर सह्या जमत नाहीत, दुरुस्त करायचं म्हटलं तर वर्गणी जमत नाही, आणि भाव मात्र सदतीस जणांना तोंडपाठ आहे. किल्ली डोंबिवलीच्या चुलतभावाकडे असते. त्याला फोन केला.

'ये ना,' तो म्हणाला. 'पण आम्ही अकरा जण आहोत. तुला पडवीत झोपायला लागेल.'