पाचशे लिंक विकत घेऊन हळद खपत नाही

विदर्भातील बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि घरगुती उद्योग यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरत आहे. वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर आणायची असेल तर दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून आपल्या पानाकडे आणणाऱ्या पाचशे लिंक विकत घ्या, येणाऱ्या प्रत्येकाला आपली लिंक लावायला भाग पाडा, ‘तुम्ही आमची लावा, आम्ही तुमची लावतो’ असे ठरवून टाका, पानावर काय लिहिले आहे याला महत्त्व नाही, असे त्याचे सार आहे. समुद्रपूर तालुक्यात महिला गटाच्या हळदीची वेबसाइट सांभाळणाऱ्या माझ्या भाचीकडे तो आला आणि ‘मामा, गटाच्या पैशातून घेऊन टाकू का?’ असे तिने विचारले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

संदेशात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करतो. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेली, पानांचे महत्त्व ठरवणारी पेजरँक पद्धत लिंकांवरच उभी होती आणि आजही गूगल लिंक विचारात घेते. मात्र त्या पद्धतीत लिंकला किंमत आली ती तिच्यामागे कोणा तिऱ्हाइताची स्वतःची पारख असते म्हणून. हिंगणघाटच्या बाजारात एका शेतकऱ्याने दुसऱ्याला ‘बेणे अमक्याकडून घे’ असे सांगावे, तशी ती शिफारस असते. पैसे देऊन पाचशे जणांकडून तेच वदवून घेतले, तर ऐकणारा शहाणा माणूस काय समजायचे ते समजतो.

गूगललाही ते समजते, आणि यासाठी माझ्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही. गूगलने स्पॅमविषयीचे आपले धोरण उघडपणे प्रसिद्ध केले आहे व त्यात क्रमवारी वाढवण्यासाठी लिंक विकत घेणे आणि विकणे या दोन्ही गोष्टी गैर म्हणून नोंदवल्या आहेत. जाहिरातीसाठी पैसे देऊन लिंक लावण्यास बंदी नाही. फक्त ती लिंक पैशाची आहे अशी खूण पानाच्या कोडमध्ये करावी लागते, आणि तशी खूण केली की क्रमवारीसाठी ती मोजली जाईल असा भरवसा उरत नाही. २०१२ मध्ये गूगलने क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या पेंग्विन नावाच्या बदलाने अशा लिंकांवर वाढलेल्या वेबसाइट खाली ढकलल्या, आणि २०१६ पासून गूगल अशा लिंका बहुतेक वेळा मोजतच नाही. म्हणजे नशीब बरे असेल तर पैसे वाया जातात, आणि नसेल तर गूगलचा माणूस तपासून कारवाई करतो. मग त्याच लिंका काढून टाका म्हणून परक्या वेबसाइटवाल्यांच्या विनवण्या कराव्या लागतात आणि गूगलकडे फेरविचाराचा अर्ज करावा लागतो. ज्या गटातील बाया महिन्याची बचत मोजून जमा करतात, त्यांना हा उद्योग सुचवणाऱ्याला काय म्हणावे? त्यातही काही विक्रेते ‘काम लवकर होईल’ म्हणून वेबसाइटचा पासवर्ड मागतात. तो कोणत्याही कारणाने देऊ नये.

भाग पाडण्याचा सल्ला तर हास्यास्पद आहे. ‘आधी आमची लिंक लावा, मग भावपत्रक दिसेल’ अशी अट घातल्यावर नागपूरचा व्यापारी लिंक लावत बसणार नाही, तो दुसरीकडे जाईल. अटी-शर्तींमध्ये किंवा करारात लिंकची सक्ती करणे हेही त्याच धोरणात गैर ठरवलेले आहे. एकमेकांच्या लिंका लावण्याचे घाऊक सौदे त्याच यादीत आहेत. शेजारच्या गटाचे काम खरोखर चांगले वाटले आणि आपण त्याची लिंक दिली, तर त्यात काही वावगे नाही.

राहिला पानावरील मजकूर. लोकांनी लिंक द्यावी असे वाटत असेल तर देण्याजोगे काहीतरी तिथे हवे, आणि ‘उत्तम दर्जाची शुद्ध हळद’ हे वाक्य कोणी कोणाला दाखवायला जात नाही. समुद्रपूर तालुक्यातल्याच वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या भागातील गटाने जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी कशी करतात, किती वेळ शिजवतात, वाळवताना काय बिघडते आणि पॉलिश कसे करतात, हे स्वतःच्या छायाचित्रांसह लिहिले, तर कृषी महाविद्यालयाचा विद्यार्थी, बातमीदार किंवा सांगलीकडचा हळद उत्पादकही त्या पानाची लिंक देईल. पानाखाली ‘ही माहिती उपयोगी वाटल्यास या पानाची लिंक अवश्य द्या’ असे सौजन्याने लिहून शेजारी पानाचा पत्ता कॉपी करण्याचे बटण ठेवावे. विनंती करण्यात गैर काहीच नाही.

पत्ता मात्र छोटा आणि रोमन अक्षरांत असावा. देवनागरी पत्ता कॉपी केला की पुष्कळदा प्रत्येक अक्षराची टक्क्याच्या खुणांसह नऊ चिन्हे होतात. ‘हळद’ एवढ्या शब्दाची सत्तावीस, आणि तो पसारा पाहून समोरच्याला व्हायरस वाटतो. भावपत्रकाचे पान दर हंगामात नव्या पत्त्यावर टाकण्याची सवयही सोडावी, कारण जुन्या पत्त्यावर पान न सापडल्यास मिळालेली लिंक फुकट जाते. त्याच पत्त्यावर भाव बदलावेत, आणि पत्ता बदलणे अटळच असेल तर जुन्यावरून नव्याकडे कायमस्वरूपी वळण (रीडायरेक्ट) लावून घ्यावे; वेबसाइट बनवून देणाऱ्याला ते काही मिनिटांत जमते.