घोडा पडला चौदाशेला

मार्गशीर्षात आमच्या नावानं भिशी फुटली आणि साठ हजार रुपये एकरकमी हातात आले. बायकोनं त्याच रात्री डायरीच्या मागच्या पानावर सोफा, त्याखाली गिझर आणि त्याखाली 'उरले तर खिडकीला जाळी' असं लिहून ठेवलं. मी त्याच डायरीच्या पुढच्या पानावर एकच शब्द लिहिला : गाडी.

गाडी म्हणजे २०२० सालची फोक्सवॅगनची पोलो, एक लिटरच्या टीएसआय इंजिनाची. चाकणला जन्मली, पुण्यात वाढली आणि दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं साताऱ्यात, गोडोलीला नांदायला आली. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, जोडीला टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, ताकद ११० घोड्यांची, म्हणजे हॉर्सपॉवरची. मी पतसंस्थेत वसुली अधिकारी आहे. वसुलीवाल्याला असली पळणारी गाडी कशाला, हा प्रश्न चेअरमनपासून कर्जदारापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. कर्जदारांनी जरा काळजीनं.

तर ११० घोडे पुरत का नाहीत, हे समजून घ्यायचं तर ऊसतोड सुरू झाल्यावर कोरेगाव रोडला यायला पाहिजे. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. त्यावर सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं गाणं. मागच्या ट्रॉलीतनं बाहेर लोंबणारं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आपल्या बॉनेटवर चवरी ढाळतंय. समोरून एसटी, मागून डंपर, आणि या सगळ्यात ओव्हरटेकला जी फट मिळते ती मोजून चार सेकंदांची. गिअर खाली टाकायचा, टर्बोला हवा भरायला अर्धा क्षण द्यायचा, की फट मिटलीच. पुन्हा वाढं, पुन्हा गाणं. त्या चार सेकंदांसाठी मला आणखी वीस घोडे पाहिजे होते. चैन म्हणून नव्हे, गरज म्हणून. बायकोला मी हे असंच सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग पाच मिनिटं लवकर निघा."

असल्या युक्तिवादाला उत्तर नसतं. मी कागदावर बोलणारा माणूस. कर्जप्रकरण छाननीला घेतो तसं मी प्रकरण तयार केलं. प्रत्येक सुधारणेपुढं खर्च, त्यातून मिळणारे घोडे आणि शेवटच्या रकान्यात दर घोडा किती रुपये. गाडीच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलणं, ज्याला रिमॅप म्हणतात, ते २८ हजार. त्यात पुण्याचा पोरगा वीस घोडे देतो म्हणाला. म्हणजे घोडा पडला चौदाशेला. मोकळा एअर फिल्टर नऊ हजार, घोडे दोन, दर साडेचार हजार. नवा सायलेन्सर बावीस हजार, घोडे तीन, दर सात हजारांच्या वर. बायकोनं चष्मा लावून पूर्ण तक्ता वाचला. तिचं माहेर म्हसवडकडचं. "चौदाशेत आमच्या बाजारात कोकरू येत नाही," ती म्हणाली, "आणि हा घोडा देतोय? विचारा, दाखवणार कुठं बांधलेला?"

तरी मी त्या पोराला फोन केला. पोरगा मोठा गोड बोलायचा, वाक्याच्या दोन्ही टोकांना 'सर' लावायचा. त्याचं म्हणणं असं की टर्बो गाडीत कंपनी ताकद दाबून ठेवते. कुठं पेट्रोल भेसळीचं, कुठं उन्हाळा भाजणारा, कुठं मालक ऑइल बदलायला विसरणारा. या सगळ्यांत गाडी टिकावी म्हणून हात राखून सोडते. तो राखलेला हात आपण मोकळा करायचा. टर्बोचा दाब जरा वाढवायचा, त्या मापानं पेट्रोल जास्त सोडायचं, बस. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाला रिमॅप केलं तर चार-दोन घोडे मिळतात आणि बाकी समाधान. खरी मजा टर्बोत. हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. फक्त पुढं साधं पेट्रोल चालणार नाही, जास्त ऑक्टेनचं महागडं टाकावं लागेल, हे त्यानं फोन ठेवता ठेवता सांगितलं. आमच्या धंद्यात प्रोसेसिंग फी सांगतात तसं.

मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण हाडाचा वसुलीवाला सही करण्याआधी कागद वाचतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यावर २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सांगितलेलं आहे : कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. हेही मी गिळलं असतं. सुप्रीम कोर्ट दिल्लीला, मी गोडोलीला. इन्शुरन्सवाला न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून क्लेम नाकारू शकतो, तेही गिळलं. पण ही गाडी मी आमच्याच पतसंस्थेच्या कर्जावर घेतलीय. त्या करारपत्रात कलम आहे की कर्जदार लेखी परवानगीशिवाय तारण मालमत्तेत कोणताही फेरफार करणार नाही. ते कलम मी आजवर शेकडो लोकांना मोठ्यानं वाचून दाखवलंय, 'कोणताही' या शब्दावर जोर देऊन. उद्या मी फेरफार केला तर माझ्यावर नोटीस काढायचं काम माझ्याकडंच येणार, आणि मी कुणाला सोडत नाही, अशी माझी ख्याती.

सायलेन्सरचा विचार मात्र कायद्यानं सुटला नाही, धंद्यानं सुटला. आमच्या ओळखीच्या एकानं बसवलाय. त्याची गाडी समर्थ मंदिराला वळली की आम्हाला राजवाड्यावर कळतं. त्याची गाडी घेऊन एकदा वसुलीला गेलो होतो. गावच्या वेशीवर असतानाच कर्जदार मागच्या दारानं उसात शिरला होता. चुलीवरचा चहा अजून उकळत होता. त्याच्या आईनं तो मला दिला आणि म्हणाली, "लांबनंच आवाज आला बगा तुमचा."

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवतात, तोही प्रकार मनात येऊन गेला. पोलो मुळात जमिनीपासून १६५ मिलिमीटरवर. आमच्या गल्लीच्या तोंडाचा गतिरोधक एका नगरसेवकानं आपल्या घरापुढं हौसेनं घालून घेतलाय. तो ओलांडताना आत्ताच मी श्वास पोटात ओढून घेतो. विषय तिथंच मिटला.

एवढं होईपर्यंत आबा काही बोलले नव्हते. आबा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. गाडीत बसले की ते मायलेज विचारत नाहीत, केपीटीएल विचारतात. म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. एसटीत तेच माप. डेपोत आकडा उतरला की साहेबाचं बोलावणं यायचं, ती धास्ती रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी गेलेली नाही. माझ्या गाडीचा आकडा काढला तो एकशे तीस. आमच्या लेलँड बसला पन्नास मिळायचे, म्हणाले. मी जरा फुगलो. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "लेलँडात चव्वेचाळीस माणसं बसायची. तुझ्यात कोण हाय?"

तक्ता मी त्यांनाही दाखवला. ते उठले, टॉर्च घेतली आणि अंगणात जाऊन पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. टायरच्या अंगावर बोटांनी चाचपत राहिले, आंधळा माणूस तोंडावरनं हात फिरवतो तसे. मग म्हणाले, "हितं वाच." रबरावर एका लंबगोलात चार आकडे होते : ३३१८. म्हणजे २०१८ सालचा तेहतिसावा आठवडा. गाडी २०२० ची! मागल्या मालकानं कुठनं तरी जुना टायर आणून चढवलेला. गाडीपेक्षा टायर वडील. बाकीचे तीन पाहिले. दोन गाडीच्याच वयाचे, एक २०२२ चा. तीन कंपन्या, तीन जन्मसाल. दोन वर्षं मी एका एकत्र कुटुंबावर बसून ओव्हरटेक करत होतो आणि घोडे कमी पडतात म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी आबाच मला मिस्त्रीकडं घेऊन गेले. मिस्त्रीनं ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडलं. नवं ऑइल फिकट, गोडेतेलासारखं असतं. माझं कडक चहासारखं झालं होतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरडं असताना ते २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरलं की तो आकडा दीडशेच्या घरात येतो. घाट उतरताना ब्रेक सतत दाबला की ते चाकांपाशी उकळून त्याचा फेस होतो, आणि मग पेडल दाबलं तर ते सरळ फरशीला जातं. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. "साहेब, शेवटचं कधी बदललंत?" मिस्त्रीनं विचारलं. मी त्याच्याकडं कर्जदार माझ्याकडं बघतो तसं बघितलं.

मग पैसे जे सुटले ते सुटलेच. चार टायर तीस हजार, अलाइनमेंट-बॅलन्सिंग बाराशे. पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क साडेतेरा हजार. ब्रेक ऑइल चौदाशे. आकडा बघून मला भडभडून आलं. एका घोड्याचे पैसे, आणि त्यात घोडा नाही. स्पार्क प्लग एकवीसशे. "तीनच?" आबांनी विचारलं, "लेलँडला सहा सिलिंडर." एअर फिल्टर कंपनीचाच, नऊशेचा. इंजिन ऑइलसकट सर्व्हिसिंग साडेसहा हजार. एकूण ५५,६००. घोडे वाढले शून्य. माझ्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात शून्यानं भागाकार येत होता, तो मी तसाच मोकळा सोडला.

उरलेले चव्वेचाळीसशे बायकोनं न बोलता उचलले. पण जाता जाता एक काम तिनं फुकट केलं. तिनं डिकी उघडली. डिकीत मुलाची जुनी सायकल, लग्नातून आलेल्या पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके, आबांचा लेलँडच्या काळातला जॅक, वीस किलो ज्वारीचं पोतं आणि पतसंस्थेच्या गेल्या वर्षीच्या वार्षिक अहवालांचे गठ्ठे, सभासदांना वाटायचे राहिलेले. तिनं सगळं अंगणात मांडलं, भंगारवाल्याच्या काट्यावर घातलं. ब्याण्णव किलो भरले. एक आख्खा माणूस मी दोन वर्षं मागं बसवून हिंडवत होतो. रिमॅपवाल्या पोराला मी हे फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "सर, खूप छान, सर." जॅक मात्र आबांनी गुपचूप परत ठेवला.

रविवारी सकाळी आबांना घेऊन यवतेश्वरचा घाट चढलो, कासकडं. नवे टायर, नवे ब्रेक, रिकामी डिकी. वळणात गाडी रुळावर चालल्यासारखी बसत होती. मी आबांना टर्बोचं सांगत होतो : उंचीवर हवा विरळ होते, हजार मीटर चढलं की साध्या इंजिनाची ताकद दहाएक टक्क्यांनी उतरते, पण टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळं आपल्याला चढ जाणवतसुद्धा नाही. आबा "हं" म्हणत होते. त्यांचं लक्ष आरशात होतं.

मागून हॉर्न वाजला. लाल एसटी. मी जरासा बाजूला झालो, म्हणजे सवयीनं; घरात एसटीवाला असला की अंगात मुरतं ते. ती घरघरत आमच्या बाजूनं आली, वळणाच्या आधी नेमकी जागा धरली आणि पुढं निघून गेली. खिडकीतनं एका बाईनं आमच्याकडं बघत पानाची पिंक टाकली. काच वर होती म्हणून बरं.

आबा सीटवर ताठ झाले. "हाण," म्हणाले.

"आबा, तुम्हीच म्हणता घाटात..."

"आरं हाण म्हणतो न्हवं! डेपो कुठला बघू."

मी गिअर खाली टाकला. टर्बोनं शिट्टी घातली, काटा साडेचार हजारांवर गेला, गाडी पुढच्या दोन वळणांत एसटीच्या बुडाशी लागली. आबा डॅशबोर्डवर हात टेकून पुढं वाकले, धुळीनं भरलेल्या पत्र्यावरची अक्षरं लावली.

"सातारा," ते म्हणाले, आणि पाठ टेकून निवांत बसले. "जाऊ दे मग त्याला."