बेळगावात लढाऊ वैमानिकांच्या नावांची एक भिंत हवी

गावाकडच्या आमच्या ग्रुपवर गेले काही आठवडे एक वाद पेटला आहे. बेळगावचा विमानतळ आहे त्या सांबरा रस्त्यावरच्या एखाद्या चौकाला लढाऊ वैमानिकाचं नाव द्यावं, अशी सूचना एका निवृत्त मास्तरांनी केली. दुसऱ्या दिवशी चर्चा पाटीवर घसरली: मराठी वर की कन्नड? त्यातून विमानतळाचा विषय निघाला. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगावच्या अधिवेशनात कर्नाटक विधानसभेनं विमानतळाला कित्तूर राणी चन्नम्मांचं नाव देण्याचा ठराव केला होता, तो कुणीतरी टाकला. त्यावर आमच्यातल्या काहींनी शिवरायांचं नाव पुढे केलं. वैमानिक कुठल्या कुठे राहिला. मी मध्ये बोललो तेव्हा भावकीतल्या एका दादानं सुनावलं, "तू तिकडं इंग्लंडात आहेस, तुला हितलं काय कळतंय?" दादा माझ्यापेक्षा मोठा आहे, त्याचा मान राखूनच हे सविस्तर लिहितो.

पाटीचा प्रश्न क्षुल्लक आहे असं मी म्हणत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि आमची गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. तेव्हापासून दरवर्षी तो दिवस काळा दिन म्हणून पाळणाऱ्या घरात मी वाढलो. महाराष्ट्रानं या गावांसाठी २००४ मध्ये केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात अजून पडून आहे. सातबारा असो की बसवरची पाटी, आपल्या भाषेत कागद मिळावा म्हणून माझ्या वडिलांच्या पिढीनं लाठ्या खाल्ल्या. ती मागणी मी इथून सोडलेली नाही. पण या भांडणात ज्याचा मान करायचा तोच माणूस विसरला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

२८ जानेवारी २०२३ ची सकाळ आठवा. ग्वाल्हेरहून सरावासाठी उडालेली सुखोई-३० आणि मिराज-२००० ही दोन विमानं आकाशात आदळली. सुखोईतले दोघे वैमानिक बाहेर पडले आणि वाचले. मिराज चालवणारे विंग कमांडर हणमंतराव सारथी गेले. ते आपल्या बेळगावचे, गणेशपूरचे. दुसऱ्या दिवशी त्यांना लष्करी मानवंदनेत निरोप दिला गेला. त्यानंतर? शहरातल्या किती शाळकरी मुलांना आज ते नाव सांगता येईल? युद्ध नव्हतं, समोर शत्रू नव्हता, म्हणून ते मरण कमी मोलाचं ठरतं का? लढाऊ वैमानिकाच्या आयुष्यात सराव हाच रोजचा धोका असतो. लढाई झालीच तर ती काही दिवसांची, सराव मात्र पंधरा-वीस वर्षांचा.

हे काम काय असतं ते आपल्याकडे नीट सांगितलंच जात नाही. विमान जोरात वळवताना शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट भार येऊ शकतो. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला आपलं वजन सहाशे तीस किलो झाल्यासारखं वाटतं. डोक्यातलं रक्त पायांकडे ओढलं जातं, नजरेपुढे आधी करडं आणि मग काळं होत जातं. ते थोपवण्यासाठी पाय आणि पोट आवळणारा खास सूट असतो. त्याच वेळी श्वास ठरावीक पद्धतीनं कोंडून, मान वळवून शत्रू कुठे आहे ते शोधायचं असतं. हे आठवड्यातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं. चाळिशीत कित्येकांची मान आणि कंबर कायमची धरते. यातलं काहीही पदकात दिसत नाही.

मी राहतो त्या हल शहरापासून थोड्या अंतरावर ब्रफ नावाचं गाव आहे. हॉक या प्रशिक्षण विमानाचे भाग तिथल्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनत. आमच्या गल्लीतले एक आजोबा तिथेच कामाला होते. आपल्या बिदरला लढाऊ वैमानिकांचं शिक्षण हॉकवरच होतं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ त्याबद्दल विचारत राहिले. मला मात्र त्या विमानाचं नाव ऐकलं की राग येतो, आणि तो विमानावर नसतो. नव्या वैमानिकांसाठी असं वेगवान प्रशिक्षण विमान घ्या, अशी शिफारस ला फाँटेन समितीनं १९८२ मध्ये केली होती. करार झाला २००४ मध्ये आणि हॉक बिदरला हवाई दलात दाखल झालं २००८ मध्ये. मधली सव्वीस वर्षं विशी-बाविशीतली पोरं संथ विमानांवर शिकून मिग-२१ सारख्या, आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणाऱ्या आणि उतरतानाही कमालीच्या वेगात असणाऱ्या विमानावर चढत होती. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडजवळ मिग-२१ च्या अपघातात गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ नंतर अनेक वर्षं जुन्या विमानांबद्दल आणि अपुऱ्या प्रशिक्षणाबद्दल जाहीरपणे प्रश्न विचारत राहिल्या. त्या बाईंचे प्रश्न मला कुठल्याही तोफांच्या सलामीपेक्षा मोठा सन्मान वाटतात. १९६३ पासून सेवेत असलेलं मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. तेव्हा आपल्याकडे विमानाचे फोटो भरपूर फिरले. ते चालवता चालवता गेलेल्यांची नावं फारच थोड्यांनी लिहिली.

इथल्या लोकांचं सगळंच चांगलं आहे असं नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर कमांडची, म्हणजे इथल्या हवाई दलाच्या बॉम्बफेकी शाखेची, पंचावन्न हजारांवर माणसं मेली आणि त्यांचं लंडनमधलं स्मारक उभं राहिलं २०१२ मध्ये, कारण जर्मन शहरांवरच्या बॉम्बफेकीची लाज कुणाला नीट बोलून दाखवता येत नव्हती. रॉयल एअर फोर्समधून हरिकेन उडवणारे महिंदर सिंग पुजी यांचा पुतळा ग्रेव्हसेंडला बसला तो २०१४ मध्ये. ते २०१० सालीच वारले होते.

पण टेम्सच्या काठी बॅटल ऑफ ब्रिटनचं स्मारक आहे, ते पाहून मला बेळगाव आठवलं. १९४० च्या त्या लढाईत उडालेल्या २,९३६ हवाई योद्ध्यांची नावं त्यावर देशवार कोरली आहेत. त्यात पोलिश आहेत, चेक आहेत, न्यूझीलंडचे आहेत. मेलेले आहेत तसे वाचलेलेही आहेत. उडाला, म्हणून नाव आलं. आपल्याकडे नाव येण्यासाठी आधी मरावं लागतं. मरूनसुद्धा लोक विचारतात की वस्ती वाचवण्यासाठी त्यानं विमान वळवलं होतं का. आणि जो, वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या सीटची दांडी ओढून बाहेर पडला, त्याच्याकडे जरा संशयानंच पाहिलं जातं. खरं तर त्या क्षणी मणक्यावर एवढा दाब येतो की काहींना पुन्हा लढाऊ विमान चालवताच येत नाही. इथे मार्टिन-बेकर ही सीट बनवणारी कंपनी आहे. तिच्या सीटमुळे जीव वाचलेल्या प्रत्येक वैमानिकाला ती एक खास टाय देते, अगदी १९५७ पासून. वाचणं ही अभिमानानं मिरवायची गोष्ट आहे, हे आपणही मान्य करायला हवं. तयार वैमानिक घडायला कितीतरी वर्षं लागतात, विमान पुन्हा विकत घेता येतं.

नोंद ठेवली नाही तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कोडगूचे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या ७ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानातल्या सरगोधा हवाई तळावरच्या हल्ल्यात मिस्टेअर विमान घेऊन गेले आणि परतले नाहीत. त्यांनी आपल्यापेक्षा कितीतरी वेगवान असं पाकिस्तानचं स्टारफायटर विमान पाडलं होतं, हे इकडे कुणाला ठाऊकच नव्हतं. पाकिस्तानी बाजूची हकिकत एका इंग्रज लेखकाच्या लिखाणातून पुढे आली, तेव्हा चक्रं हलली. महावीरचक्र जाहीर झालं १९८८ मध्ये, तेवीस वर्षांनी. त्यांच्या पत्नीनं ती सगळी वर्षं कशी काढली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून मास्तरांच्या सूचनेत मी थोडी भर घालतो. चौकाला एकच नाव देता येतं, आणि मग ते कुणाचं यावर पुन्हा भांडण. त्यापेक्षा सांबऱ्याला भिंत बांधा. जागा योग्य आहे, कारण हवाई दलात एअरमन म्हणून भरती होणारी देशभरातली मुलं पहिले धडे सांबऱ्याच्याच प्रशिक्षण केंद्रात गिरवतात. मुतगे, निलजी, बाळेकुंद्रीच्या लोकांनी त्यांची कवायत पिढ्यानपिढ्या पाहिली आहे. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, बैलहोंगल, सगळ्या तालुक्यांतून हवाई दलात गेलेल्यांची नावं तिथे यावीत. वैमानिकांसोबत इंजिन तपासणारे, शस्त्रं चढवणारे, रडारपाशी रात्र काढणारेही, कारण त्यांच्याशिवाय वैमानिक जमीन सोडत नाही. नावापुढे सेवेची वर्षं आणि विमानाचा प्रकार. प्रत्येक नाव मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरात. यातल्या मराठीसाठी भांडावं लागलं तर मी दादाच्या बाजूनं भांडेन, पण भांडण अक्षरांपुरतं ठेवू. एखाद्या कन्नड घरातल्या वैमानिकाचं नाव मराठीत कोरायला आपण स्वतःहून पुढे झालो, तर आपलं नाव कन्नडमध्ये कोरताना समोरच्यालाही हात आखडता घेणं जड जाईल.

खर्चाची गोष्ट नंतर. यादी मात्र आताच करता येईल, आणि त्यासाठी कुठल्याच सरकारची परवानगी लागत नाही. गावोगावच्या माजी सैनिक संघटनांकडे निम्मी नावं तोंडपाठ असतील. १९६५ आणि १९७१ बघितलेली माणसं आता ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. दादा, तुझ्या गल्लीत एअरफोर्समधून निवृत्त झालेले जे काका आहेत, त्यांच्यापासून सुरुवात कर. कुठल्या स्क्वाड्रनला होते, कुठल्या विमानावर काम केलं, त्यांच्यासोबतचा कोण परतला नाही, एवढं विचार आणि लिहून मला पाठव. टाइप करायचं काम मी करतो. कन्नड मजकूर तपासायला मास्तरांचे शेजारी तयार आहेत.