एका गोटीचा हिशोब

इंग्लंडात लेस्टरला आमचे डोळे उघडतात तोवर सोलापुरात दुपार होत आलेली असते आणि पेठेच्या ग्रुपवर रण पेटलेलं असतं. या वेळी विषय एका स्थळाचा. मुलाचं एक वृषण शाळेत असतानाच ऑपरेशन करून काढलेलं, आणि मुलीकडच्यांना ते बोलणी झाल्यावर कळलं. "एका गोटीवर संसार कसा चालंल बे?" असं एकाने टाकलं, खाली हसऱ्या चेहऱ्यांची माळ. मग वकिली सुरू: फसवणूक आहे, लग्न रद्द होतं.

हिंदू विवाह कायद्याचं कलम १२ वाचा जरा. त्यात नपुंसकत्व आहे, मूल न होणं नाही. महत्त्वाची बाब लपवणंही आहे, कबूल. पण जिच्यामुळे बाप होण्यात बहुतेकदा अडचणच येत नाही, ती बाब महत्त्वाची कशी, हे आधी पटवून द्या. सांगावंच, पण चष्म्याचा नंबर सांगतात त्या सुरात.

एक गेलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी जोर लावते, उरलेलं थोडं मोठं होतं आणि बहुधा दोघांचं काम ओढतं. ते पुरतंय का, हे गोट्या मोजून कळत नाही, वीर्यतपासणीत कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणीच्या पुस्तिकेच्या २०२१ च्या आवृत्तीत खालची पातळी अशी: मिलिलिटरला १.६ कोटी शुक्रजंतू, एकूण ३.९ कोटी, हलणारे ४२ टक्के. आकडा याखाली आला म्हणजे दार बंद झालं, असंही नाही.

घोळ होतो तो नमुना देताना. आधी २ ते ७ दिवसांचा खंड हवा. साबण, तेल, साधा कंडोम चालत नाही. पहिला भाग सांडला तर लॅबला सांगायचं, कारण शुक्रजंतू त्यातच जास्त असतात. घरून न्यायचा तर डबी खिशात, अंगाच्या उबेत, तासाच्या आत. मे महिन्यात गाडीच्या डिकीतून डबी नेणारे स्वतःच स्वतःचा रिपोर्ट बिघडवतात. मोठा ताप येऊन गेला असेल तर ३ महिने थांबा. शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. आणि एका रिपोर्टवर स्थळ मोडू नका, तपासणी दोनदा करा.

जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्याला मात्र कोणी नावं ठेवत नाही. त्याच्या दोन्ही जागेवर असतात, पण बाहेरून हार्मोन आलं की आतला कारखाना बंद पडतो. त्याला विचारा की कधी, संसार कसा चालंल!

खरं तर विचारायचं असतं ते एवढंच, की पहिलं गेलं कशाने. जन्मतः खाली न उतरलेलं असेल तर दुसरंही थोडं कमजोर असू शकतं, आणि गाठीकडे लक्ष ठेवावं लागतं. ते ऑपरेशन खरं तर दीड वर्षाच्या आत व्हायला हवं. कॅन्सरने गेलं असेल तर केमोआधी वीर्य गोठवून ठेवलं होतं का? गालफुगी वयात आल्यावर झाली तर वृषणाला सूज येऊ शकते. इथे मुलांच्या लसीत गोवर-रुबेलाबरोबर गालफुगीही असते, आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालफुगी नाही. हे लिहिलं की ग्रुपवर उत्तर ठरलेलं: "झाला साहेब सुरू." असू दे. इथे जीपीकडून, म्हणजे घरच्या डॉक्टरकडून, तज्ज्ञाकडे रेफरल पुढे सरकेपर्यंत पंचांग बदलतं, सोलापुरात सकाळी डबी दिली तर संध्याकाळी रिपोर्ट हातात, हेही मीच सांगतो.

पण पोराची गोटी शाळेच्या वयात गेली असेल तर बहुधा पीळ पडून. नस पिळली की रक्त थांबतं. ६ तासांत सोडवलं तर बहुतेक वेळा वाचते, २४ तासांनंतर क्वचितच. त्याच ऑपरेशनमध्ये दुसरी बाजूही टाक्यांनी बसवून घ्यायची, कारण तीही तशीच सैल असू शकते. स्थळ बघायला गेलेल्यांनी विचारावं तर हे: दुसरी बसवली का?

आणि ते तास जातात कुठे? पोरगं लाजून "पोटात दुखतंय" म्हणतं, उलटी करतं, आजी ओवा देते, हिंग लावते, सकाळी बघू म्हणते. इथल्या मुलांना तोंड उघडता येतं, असं मी याच ग्रुपवर मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. खरं सांगायचं तर जीपीसमोर मीही हा शब्द बिनधास्त उच्चारतो, तो इंग्रजी असतो म्हणून. मराठीत वृषण म्हणावं तर पुस्तकी, गोटी म्हणावं तर ग्रुप हसतो, आणि हा मजकूर पाठवण्याआधी तो शब्द मीच चार वेळा खोडला. राहू दिलाय. रात्री दोनला पोरगं पोट धरून उठलं तर चड्डी खाली करून बघा: एक बाजू वर चढलेली, आडवी, हात लावू न देणारी दिसली तर ओव्याची डबी तशीच ठेवा आणि रिक्षा काढा.